फी कुठून आणायची? : हक्काचा पैसा आणि उशिराचा पैसा

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत दोन दिवस पेढे वाटले जातात. तिसऱ्या दिवसापासून घराघरांत एकच विषय सुरू होतो : फी कुठून आणायची? किती टक्के मिळाले, कोणत्या शाखेला जायचं, पोराला काय आवडतं, हे सगळे प्रश्न नंतरचे. ज्या घरात शिक्षणाची ही तिसरी-चौथी पिढी आहे, तिथे "काय शिकायचं" हा प्रश्न असतो. आपल्या घरात आधी "शिकता येईल का" हा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर पोराच्या गुणपत्रिकेत नसतं. ते तहसीलमधल्या दाखल्यात, बँकेच्या पासबुकात आणि कॉलेजच्या लिपिकाच्या टेबलावर असतं.

मी समाजकार्य करते. समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. गेली काही वर्षं जून ते सप्टेंबर हे चार महिने माझं निम्मं काम म्हणजे पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं, अडलेले अर्ज सोडवणं आणि आईबापांची समजूत घालणं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे आणि तीच या लेखात मांडायची आहे. आपल्या पोरांचं शिक्षण "पैसा नाही" म्हणून जितकं थांबतं, तितकंच ते "पैसा वेळेवर नाही" म्हणून थांबतं. हे दोन वेगळे रोग आहेत. त्यांचं औषधही वेगळं आहे. पहिल्यासाठी सरकारशी भांडावं लागतं. दुसऱ्यासाठी सरकारशी भांडता भांडता आपल्यालाही काही उभं करावं लागतं.

माझ्या शिक्षणाचा जमाखर्च

माझं गाव हिंगोली जिल्ह्यातलं. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला, आई शेतमजूर. घरात तीन भावंडं, त्यात मी थोरली. माझ्या शिक्षणाचा पैसा कुठून कुठून आला ते मी एकदा वहीत मांडून पाहिलं होतं. बारावीपर्यंत फारसा खर्च नव्हता. बी.ए.ला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती आणि राहायला मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह. हे दोन नसते तर मी आज कुणाच्या तरी रानात कापूस वेचत असते. त्या कामाला मी हलकं समजत नाही, पण ते मी निवडलेलं नसतं.

वहीतली बाकीची पानं अशी : आईने दोन शेळ्या विकल्या, बापाने मुकादमाकडून उचल घेतली, मावशीने कानातलं गहाण ठेवलं. हे सगळं शिष्यवृत्ती मंजूर असताना. कारण शिष्यवृत्ती मंजूर होती, पण आलेली नव्हती. दुसऱ्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात मला सांगण्यात आलं, "तुमची स्कॉलरशिप जमा नाही. आधी फी भरा, मग फॉर्म." पैसे सरकारकडून यायचे होते, आणि दंड मला. वर्गात माझ्यासारख्या अकरा जणी होत्या. त्यातल्या चौघींनी त्या वर्षी फॉर्म भरलाच नाही. दोघींची पुढच्या उन्हाळ्यात लग्नं लागली. त्या मुली कोणत्याही आकडेवारीत "फीअभावी शिक्षण सोडलं" अशा दिसणार नाहीत. त्या "विवाहामुळे" या रकान्यात गेल्या असतील.

माझा फॉर्म आमच्या एका सरांनी भरला. ते आपल्यातलेच, वस्तीतून वर आलेले. मार्च संपता संपता शिष्यवृत्ती जमा झाली तेव्हा मी पैसे परत करायला गेले. मला वाटलं होतं सर "राहू दे" म्हणतील. त्यांनी पैसे मोजून घेतले, एक जुनी डायरी काढली, माझ्या नावापुढे "परत" लिहिलं आणि त्याखाली दुसऱ्या एका मुलाचं नाव लिहिलं. म्हणाले, "आता हे त्याचे." ती रक्कम वर्षानुवर्षं फिरत होती. सरांचा पगार काही फार मोठा नव्हता. एकदा बाजूला काढलेल्या सात-आठ हजारांवर त्यांनी कितीतरी पोरांचे फॉर्म भरले. त्यात उपकार नव्हता. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असं काही नव्हतं. चोख हिशेब होता, आणि हिशेबात माणसाचा मान राहतो.

शिष्यवृत्ती ही भीक नाही, तिचा इतिहास आहे

"तुम्ही काय बाबा, सरकारचे जावई, फुकट शिकता." हे वाक्य कॉलेजात न ऐकलेला आपला विद्यार्थी विरळा. याला चिडून उत्तर देण्यापेक्षा इतिहास माहीत असावा.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी शिष्यवृत्त्यांबद्दल स्वतंत्र मुद्दा मांडला होता. फक्त स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटल्या तर ज्या वर्गांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांच्याच पदरात त्या पडतात, म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. "मेरिट" या शब्दावर आज जो वाद घालतात, त्याचं उत्तर जोतीरावांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. फी माफ करून भागत नाही, पोराला शहरात छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्या राजाला कळलं होतं.

आणि बाबासाहेब. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्या पदव्यांचा जमाखर्च मोजत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती. १९१३ मध्ये कोलंबियाला जाताना बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. आणि त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्या पगारातून काटकसरीने बाजूला काढलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. एवढी जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. जगातल्या सर्वात मोठ्या विद्वानांपैकी एकाचं शिक्षण पैशासाठी मध्येच तुटलं होतं, हे आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे. त्यांना वाटतं फी अडणं ही त्यांची एकट्याची लाज आहे.

महत्त्वाचं आहे ते पुढचं. बाबासाहेबांनी स्वतःला मिळालेली संधी स्वतःपुरती ठेवली नाही, तिचं धोरण केलं. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो, त्याचं मूळ तिथे आहे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय. म्हणजे सरकारकडून हक्क घेणं आणि समाजाने संस्था उभी करणं ही दोन्ही कामं त्यांनी बरोबरीने केली. एकाच्या नावावर दुसरं टाळलं नाही.

हेही लक्षात ठेवा की १९५६ नंतर ज्यांनी स्वतःला बौद्ध म्हणून नोंदवलं, त्यांना केंद्राने अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या. चौतीस वर्षं. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने ही किंमत मोजली आणि तरी धम्म सोडला नाही. तेव्हा "फुकट" हा शब्द आपल्याला कुणी ऐकवू नये.

अडीच लाखांची भिंत

आता आजचं बोलू. गेल्या जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या एका मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला पुण्यात प्रवेश मिळाला. सीईटी दिली, कॅप राऊंडमधून नंबर लागला. आमच्या वस्तीतून नर्सिंगची पदवी घेणारी ती पहिली. तिचा बाप ठेकेदाराकडे सफाई कामगार आहे. हातात येतात महिन्याला साडेएकवीस हजार. वर्षाचे झाले दोन लाख अठ्ठावन्न हजार.

शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख. आठ हजार रुपयांनी ती मुलगी बाहेर.

पूर्ण बाहेर नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात फ्रीशिप मिळते, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. पण निर्वाह भत्ता मिळत नाही. आणि खरा घाव स्वाधार योजनेचा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवण, खोली आणि किरकोळ खर्चाचे पैसे मिळतात : पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. तिलाही अडीच लाखांचीच मर्यादा. वर्षाला आठ हजार जास्त कमावले म्हणून साठ हजार गेले. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला सात-आठ हजारांच्या खाली भागत नाही. ते त्या बापाने कुठून आणायचे?

वस्तीत सल्ला देणारे आलेच. "दाखला दोन लाख चाळीसचा करून आणा, सगळे तसंच करतात." ती मुलगी गप्प होती. आईला ते पटत होतं. बाप म्हणाला, "पगार बँकेत जमा होतो, ताई. आणि नसता होत तरी काय? रोज पंचशील म्हणतो आपण. मुसावादा म्हणायचं आणि तिथून उठून तलाठ्याकडे जायचं?" त्याच्यापुढे मला बोलता आलं नाही. पण जे इतर लोक दाखला कमी करून आणतात त्यांनाही मी चोर म्हणणार नाही. जो कायदा महिन्याला एकवीस हजारांत पाच माणसं जगवणाऱ्याला "सुस्थितीतला" ठरवतो, तो कायदाच गरिबाला खोटं बोलायला लावतो. शिक्षण की शील, यांतलं एक निवडायची वेळ एका सफाई कामगारावर यावी, ही व्यवस्थेची लबाडी आहे.

ही मर्यादा २०१३ मध्ये दोन लाखांवरून अडीच लाख झाली. हा लेख लिहीपर्यंत ती तिथेच आहे. या काळात तेल, डाळ, गॅस, एसटीचं भाडं, खोलीचं भाडं कुठल्या कुठे गेलं. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांसाठी, म्हणजे ज्यांना जातीचं आरक्षण नाही त्यांच्यासाठी, १० टक्के आरक्षण आलं. त्यांच्या गरिबीची मर्यादा किती? आठ लाख. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही आठ लाख. त्यांना मिळू नये असं माझं म्हणणं नाही. गरीब पोरगं कोणत्याही जातीचं असो, ते शिकलंच पाहिजे. माझा प्रश्न साधा आहे : एकाच देशात, एकाच बाजारात, एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या दोन पोरांपैकी एकाचा बाप आठ लाखांपर्यंत गरीब आणि दुसऱ्याचा अडीच लाखांच्या पुढे श्रीमंत, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसतं?

पैसा येतो, पण कसा येतो?

मर्यादेच्या आत असणाऱ्यांचं तरी सुरळीत होतं का? २०१७-१८ ते २०१९-२० या काळात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा वर्षाला सरासरी ११०० कोटींच्या आसपास घसरला होता. ओझं राज्यांवर पडलं आणि अनेक राज्यांत पोरांचे पैसे थकले. देशभर ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. हे मिळालं ते आपण बोललो म्हणून, हे विसरू नका.

पण नवी पद्धत अशी की आधी राज्याचा वाटा, मग केंद्राचा वाटा, दोन्ही थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात. आणि त्यातली फी विद्यार्थ्याने कॉलेजला भरायची. कागदावर हे चांगलं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं? दोन हप्ते दोन वेगवेगळ्या वेळी पडतात. खातं आधारशी नीट जोडलेलं नसेल तर पडतच नाहीत. आणि कॉलेजवाल्याला भीती वाटते की पोरगं पैसे खाऊन टाकेल, म्हणून तो प्रवेशाच्या वेळीच पूर्ण फी मागतो. पात्र विद्यार्थ्याला आधी फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळी अशी वसुली करू नये अशा सूचना राज्य शासनानेही वेळोवेळी दिल्या आहेत. तरीही दर जूनमध्ये माझ्यापुढे दहा-बारा आया पावती घेऊन उभ्या असतात. कारण सूचना न पाळणाऱ्या कॉलेजचं काही बिघडत नाही, आणि फी न भरणाऱ्या पोराची जागा मात्र त्याच दिवशी जाते.

वेळेवर पैसा नसला की काय होतं याचं उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं. २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या अतुल कुमार या मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला जागा मिळाली. भरायचे होते १७,५०० रुपये. ते जमवता जमवता २४ जूनची संध्याकाळची मुदत काही क्षणांनी हुकली आणि जागा गेली. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ चे अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याआधी २०२१ मध्ये प्रिन्स जयबीर सिंग या विद्यार्थ्याची आयआयटी मुंबईतली जागा ऑनलाइन पैसे न भरले गेल्याने जात होती. तीही सर्वोच्च न्यायालयातच वाचली. दोघेही दलित घरातले. आपण या निकालांचं स्वागत केलं, करायलाच हवं. पण साडेसतरा हजारांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, यात आनंद किती आणि संताप किती मानायचा? आणि जे दिल्लीपर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय?

रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता. १७ जानेवारीला आपण दरवर्षी त्याला अभिवादन करतो. तो उल्लेखही दरवर्षी आठवला पाहिजे. पैसा अडवणं ही विद्यार्थ्याला गप्प करण्याची जुनी युक्ती आहे.

"कर्ज काढा ना!"

काही शिकलेले लोक सांगतात, शिष्यवृत्तीच्या मागे कशाला लागता, शैक्षणिक कर्ज घ्या. कर्जाला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनीही घेतलं होतं. पण आपल्या माणसाला कोणतं कर्ज मिळतं ते पाहा. नियमाने चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तरी शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "घर नावावर आहे का?" २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली; तिचा लाभ क्रमवारीत वर असलेल्या साधारण ८६० संस्थांपुरता. आपली पोरं ज्या तालुक्याच्या कॉलेजात शिकतात ती त्या यादीत कुठे?

मग प्रत्यक्षात काय होतं? आई गटाचं कर्ज काढते. मायक्रोफायनान्सच्या कागदावर लिहिलेलं असतं "शिलाई मशीन" किंवा "शेळीपालन". पैसे जातात पोरीच्या फीला. व्याज चोवीस टक्क्यांच्या आसपास, हप्ता आठवड्याला, आणि हप्ता चुकला की गटातल्या दहा बाया दारात. सरकारची शिष्यवृत्ती आठ महिने उशिरा येते, त्या आठ महिन्यांचं व्याज आमच्या आया भरतात. म्हणजे सरकारच्या उशिराचा खर्च कोण उचलतं? शेतमजूर बाई. हा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

विहारात काय ठरलं

नर्सिंगच्या त्या मुलीचा प्रश्न आम्ही विहारात मांडला. रविवारच्या वंदनेनंतर बैठक बसली. मी म्हटलं, जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून विद्यार्थी निधी करू. लगेच विरोध झाला, आणि तो आमच्या वस्तीतल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्याकडून. नामांतराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "पोरी, हे सरकारचं काम आहे. आपण वर्गणी काढून फी भरायला लागलो की सरकार म्हणेल, बघा, यांचं चाललंय. हक्कासाठी मोर्चा काढायचा की भिशी चालवायची?"

हा आक्षेप हलका नाही. माझंही मन त्यात अडकलं होतं. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र आणि कर्नाटकात अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीसाठी २०१३ पासून कायदा आहे, महाराष्ट्रात आपण अजून मागतोच आहोत. अशा सरकारला "आमचं आम्ही बघतो" हे सांगणं म्हणजे हक्क सोडणं.

पण मी त्यांना सरांच्या डायरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, बाबा, आपण फी भरायची नाही. आपण फक्त उशीर भरून काढायचा. सरकारचे पैसे येईपर्यंतचा पूल बांधायचा. पैसे आले की ते निधीत परत, आणि पुढच्या पोराला. आणि ज्या पोराला निधी दिला, त्याच्या कॉलेजला आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना त्याच दिवशी लेखी अर्ज, पोच घेऊन. म्हणजे निधीची वही हीच आपल्या मोर्च्याचा पुरावा होईल : कोणत्या पोराचे किती पैसे किती महिने थकले, तारखेसकट.

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही मी लिहिणार."

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्माच्या कार्यासाठी द्यायला सांगितलं होतं. आम्ही तेच प्रमाण धरलं. नोकरीवाल्यांनी वर्षातून एकदा, जमेल तसा. जयंतीच्या वर्गणीतून ठरलेला हिस्सा. जयंतीत नाचणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही, तो आपला सण आहे, आपल्या मुक्तीचा आनंद आहे. फक्त डीजेचा एक तास कमी केला तर किती फॉर्म भरले जातात, एवढं आम्ही फळ्यावर लिहून दाखवलं. पहिल्या वर्षी अडतीस हजार जमले. पाच पोरांना दिले. चौघांकडून परत आले. एक पोरगं बाप वारल्यामुळे शिक्षण सोडून कामाला लागलं; ते पैसे आले नाहीत, आणि ते मागायला कुणी गेलं नाही. वहीत त्याच्या नावापुढे बाबांनी काहीच लिहिलेलं नाही, जागा मोकळी ठेवली आहे.

नर्सिंगच्या मुलीसाठी मात्र पूल पुरणारा नाही, कारण तिच्या बाजूला पलीकडचा काठच नाही. तिला स्वाधार मिळणारच नाही. तिच्या खोलीचे पहिल्या सत्राचे पैसे आम्ही दिले, पुढच्याचे अजून जमलेले नाहीत. म्हणून अडीच लाखांची मर्यादा हा माझ्यासाठी चर्चेचा विषय नाही. पुढच्या सत्रात ती मुलगी वर्गात असेल की नाही, हा तो प्रश्न आहे.

मग करायचं काय?

एक : कागद जूनच्या आधी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं. जात पडताळणीचा अर्ज विज्ञान शाखेच्या पोरांनी अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत द्यावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, कोतवाल बुक, महसुली नोंदी आत्ताच शोधा. आजोबांना शाळेत जाऊ दिलं नाही आणि आता त्यांचाच शाळेचा दाखला मागतात, ही चीड खरी आहे. पण चीड धरून कागद शोधा.

दोन : व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप राऊंडमधूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. एजंट हे सांगत नाही.

तीन : कॉलेजने आधी फी मागितली तर तोंडी वाद घालू नका. लेखी मागणी करा, पोच घ्या, त्याची प्रत समाजकल्याण कार्यालयात द्या. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडला आहे की कार्यालयाच्या, हे दर आठवड्याला तपासा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार.

चार : प्रत्येक विहारात एक वही. रक्कम लहान चालेल. वही चोख हवी, आणि दर पौर्णिमेला ती सगळ्यांपुढे वाचली गेली पाहिजे.

पाच : या वह्या एकत्र करा. जिल्ह्यातल्या पन्नास विहारांच्या वह्या एका टेबलावर आल्या, की किती पोरांचे किती पैसे किती महिने अडले याचा आपला स्वतःचा आकडा तयार होतो. तो घेऊन मर्यादा आठ लाख करा, निर्वाह भत्ता महागाईशी जोडा, उपयोजनेचा कायदा करा, या मागण्या मांडू. नुसत्या घोषणांना आश्वासनं मिळतात. तारखा आणि रकमा लिहिलेल्या वहीला उत्तर द्यावं लागतं.

"शिका" हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर रंगवला आहे. तो पाळायला पैसा लागतो, हे म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच सोडा. फी मागणं लाजेचं नाही, हक्काची फी अडवणं लाजेचं आहे. येत्या रविवारी आपापल्या विहारात हा विषय काढा, आणि पहिलं पान लिहायला तुमच्याकडच्या कुणा जुन्या कार्यकर्त्याला बसवा.

जयभीम! नमो बुद्धाय!